चुकीच्या रंगाची गिटार

तुमच्या लॅपटॉपवर आत्ता दोन टॅब उघडे आहेत, बरोबर? एका टॅबमध्ये आपल्याच शहरातलं दुकान. तिथे तुम्हाला हवी असलेली इलेक्ट्रिक गिटार आहे, पण किंमत बघून पोटात गोळा येतो. दुसऱ्या टॅबमध्ये अमेरिकेतलं किंवा जपानमधलं एखादं दुकान. तिथे तीच गिटार, हव्या त्या रंगात, आणि आकडा बराच कमी. मग कॅल्क्युलेटर निघतो. डॉलरचा आजचा भाव, शिपिंग, कस्टम्स ड्युटी, त्यावर जीएसटी, कार्डाचे वरचे चार्जेस. बेरीज करता करता आकडा पुन्हा इथल्या किमतीजवळ येऊन बसतो. मग परदेशातल्या मावसभावाला मेसेज जातो, येताना आणशील का म्हणून. दोन दिवस नुसती ब्लू टिक. उत्तर नाही.

आमच्या कट्ट्यावर ही चर्चा दर सेमिस्टरला एकदा होतेच. इथून घ्यायची की बाहेरून मागवायची? दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारे असतात आणि शेवटी चहा गार होतो. मला या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडलं. तो जाऊन तीस वर्षं झाली. नाव रोरी गॅलाहर. स्पेलिंगमध्ये मध्येच एक ‘जी’ आहे, पण आयरिश लोक तो उच्चारत नाहीत. घरात काका-मामांपैकी कोणी सत्तरच्या दशकातलं रॉक ऐकणारं असेल, तर त्यांच्यासमोर हे नाव घेऊन बघा. चेहरा खुलेल. या माणसाने तुमच्याच प्रश्नाला तोंड दिलं होतं. तेव्हा तो होता पंधरा वर्षांचा, आणि खिशात पैसे अजिबात नव्हते.

रॉक हॉस्पिटलमध्ये जन्म

रोरीचा जन्म २ मार्च १९४८ चा. गाव बॅलीशॅनन, आयर्लंडच्या वायव्य टोकाला, डोनेगल परगण्यात. योगायोग बघा, ज्या हॉस्पिटलमध्ये तो जन्मला त्याचं नावच रॉक हॉस्पिटल. त्याचे वडील एर्न नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाच्या कामावर होते. ते अकॉर्डियन वाजवायचे. आई मोनिका गायची आणि हौशी नाटकांत काम करायची. पुढे कुटुंब डेरी शहरात गेलं आणि मग आई रोरीला आणि त्याच्या धाकट्या भावाला, डोनलला, घेऊन आपल्या माहेरी, देशाच्या दक्षिण टोकाच्या कॉर्क शहरात आली.

पन्नासच्या दशकातल्या कॉर्कमध्ये ब्लूज ऐकायचं म्हणजे रेडिओची खुंटी फिरवत बसायचं. युरोपात तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी एक रेडिओ केंद्र चालायचं. रात्री उशिरा त्याची लहर पकडली, की अमेरिकेतलं संगीत खरखरत घरात यायचं. रोरी ते कान लावून ऐकायचा. कुठल्या गायकाचं नाव कानावर पडलं की शहरातल्या ग्रंथालयात जाऊन त्याच्याबद्दल काही मिळतंय का ते शोधायचा. कॉर्कच्या त्या ग्रंथालयाच्या संगीत विभागाला आज त्याचंच नाव आहे.

नऊ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला साधी अकूस्टिक गिटार घेऊन दिली. शिकवायला कोणी नव्हतं. तो स्वतःच्या स्वतः शिकला. बाराव्या वर्षी गावातल्या एका गुणदर्शन स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं आणि त्या पैशातून त्याने पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली. साधीच, स्वस्तातली. आपण सगळे जिथून सुरुवात करतो तिथूनच त्यानेही केली. पण डोक्यात मात्र एकच चित्र होतं. बडी हॉलीच्या हातात असलेली ती गिटार. फेंडर स्ट्रॅटोकास्टर.

लाल हवी होती, आली वेगळीच

त्या काळात युरोपातल्या पोरांसाठी फेंडर ही गोष्ट किती दूर होती, हे आज आपल्याला समजणार नाही. ती बनायची कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात. महायुद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची टंचाई होती. ते वाचवायला तिथल्या सरकारने १९५१ ते १९५९ अशी आठ वर्षं अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर बंधनं घातली होती. परिणामी एक पिढी अमेरिकन गिटारचे फोटो बघत आणि युरोपात बनलेल्या स्वस्त नकलांवर हात बसवत मोठी झाली. १९५९ साली क्लिफ रिचर्डने आपल्या बँडमधल्या हँक मार्विनसाठी थेट अमेरिकेहून स्ट्रॅटोकास्टर मागवली. लाल रंगाची. पुढच्या वर्षी मार्विन आणि त्याच्या शॅडोज बँडची अपाची ही धून गाजली आणि लाल स्ट्रॅट हे हजारो पोरांचं स्वप्न झालं.

आयर्लंडमध्ये तेव्हा शोबँडचा जमाना होता. शोबँड म्हणजे काय, हे आपल्याला सांगायची गरज नाही. आपल्याकडचा गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आठवा. एकसारखे सूट, पितळी वाद्यं, त्या आठवड्यातली हिट गाणी आणि समोर नाचणारी गर्दी. यातला सगळ्यात मोठा ऑर्केस्ट्रा म्हणजे वॉटरफर्डचा रॉयल शोबँड. किती मोठा? १९६२ साली त्यांच्या लिव्हरपूलच्या कार्यक्रमात आधी वाजवायला जो स्थानिक बँड होता, त्याचं नाव बीटल्स.

या रॉयल शोबँडचा गिटारवादक जिम कॉनलन याने कॉर्कमधल्या क्राउलीज या वाद्यांच्या दुकानातून स्ट्रॅटोकास्टर मागवली. अर्थातच लाल, मार्विनसारखी. समुद्रापलीकडून खोकं आलं, उघडलं, तर आत निघाली सनबर्स्ट. म्हणजे मध्ये पिवळसर आणि कडेला गडद तपकिरी होत जाणारी. पार्सल उघडल्यावर आत भलताच रंग निघण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. फरक एवढाच की रिटर्नचं बटण तेव्हा नव्हतं. लाल येईपर्यंत हीच वापर, असं ठरलं. काही काळाने लाल आली. सनबर्स्ट दुकानात परत आली आणि तिच्यावर शिक्का बसला सेकंड हँडचा. आयर्लंडमध्ये आलेली ही पहिलीच स्ट्रॅटोकास्टर, असं आजही सांगितलं जातं.

१९६३ साली ती दुकानात लटकत होती. किंमत शंभर पौंडांच्या घरात.

आईला काय सांगायचं?

आता पुढचा प्रसंग तुम्ही डोळ्यांसमोर आणू शकता, कारण तो तुमच्या घरीही घडलेला असू शकतो. पंधरा वर्षांचा, शाळेत जाणारा मुलगा घरी येऊन सांगतो, की मला शंभर पौंडांची गिटार घ्यायची आहे. रोख नाही, उधारीवर. आईने काय म्हणावं? त्या घरात शंभर पौंड ही फार मोठी रक्कम होती. आईला कर्जाची भीती वाटली आणि ती वाटण्यात काही चूक नव्हतं. मुलगा अजून शाळेत. गाणंबजावणं म्हणजे शिक्षणावर पाणी, हे गणित कॉर्कमध्येही तेच आणि कोल्हापुरातही तेच.

रोरीने तेव्हा आईसमोर जो हिशेब मांडला, तो मला फार आवडतो. ही गिटार हातात असली तर मी एकटाच लीड आणि रिदम दोन्ही वाजवू शकेन. मग बँडमध्ये दुसरा गिटारवादक ठेवायला नको आणि त्याचे पैसे वाचतील. थोडक्यात, गिटार स्वतःचे पैसे स्वतः फेडेल. आता हे ऐकून कुठल्याही आईला हसू येईल. पण पोराने तो शब्द खरा केला. त्याच वर्षी तो फोन्टाना नावाच्या शोबँडमध्ये लागला. दिवसा शाळा, सुट्टीत आणि शनिवार-रविवारी गावोगावच्या हॉलमध्ये इतरांची हिट गाणी. त्याला ती गाणी वाजवायची नव्हती. पण उधारी त्यातूनच फिटणार होती. पुढे आयुष्यभर तो तीन-चार जणांचेच बँड घेऊन फिरला आणि दुसरा गिटारवादक त्याने कधीच ठेवला नाही. आईला दिलेला शब्द म्हणा किंवा सवय म्हणा.

इथे जरा थांबा आणि बघा. रोरीची गिटार परदेशी होती की स्थानिक? बनली कॅलिफोर्नियात, आली समुद्रावरून, पण त्याने ती घेतली रोज ज्या रस्त्याने जायचा तिथल्या दुकानातून. परदेशातून मागवण्याचा सगळा त्रास, म्हणजे वाट बघणं, पैसे अडकणं, चुकीचा रंग, तो कॉनलनने काढला होता. त्याच चुकीमुळे एक न परवडणारी वस्तू रोरीच्या हाताच्या टप्प्यात आली. शिवाय दुकानदाराने ती उधारीवर दिली. पंधरा वर्षांच्या पोराला शंभर पौंडांची उधारी कोण देतो? जो त्याला ओळखतो, ज्याच्या दुकानात तो तासन्‌तास गिटार न्याहाळत उभा राहिलेला आहे, तोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती गिटार त्याने आधी हातात घेतली. तिचा नेक त्याच्या पंजाला बसतो की नाही, ते पैसे ठरण्याआधी त्याला माहीत होतं. आपल्या दुसऱ्या टॅबमध्ये नेमकी हीच सोय नसते.

चिखलातले दोन आठवडे

शोबँडची नोकरी सोडून रोरीने १९६६ साली कॉर्कमध्ये टेस्ट नावाचा स्वतःचा बँड काढला. त्याच सुमारास डब्लिनमध्ये बँडच्या गाडीतून त्याची स्ट्रॅट चोरीला गेली. सोबत एका मित्राकडून वापरायला आणलेली दुसरी गिटारही गेली. देशात अशी गिटार मोजक्याच लोकांकडे, त्यामुळे विकणार कोणाला, हा प्रश्न चोरालाही पडला असणार. आयरिश पोलिसांचा टीव्हीवर एक कार्यक्रम लागायचा, त्यातही ही चोरी सांगितली गेली. साधारण दोन आठवड्यांनी गिटार सापडली. पावसात, एका खड्ड्यात टाकून दिलेली. लाकडाने पाणी प्यायलेलं, रंगावर ओरखडे.

त्या दोन आठवड्यांत त्याचं काय झालं असेल याची कल्पना करा. इन्शुरन्स नाही, दुसरी तशी गिटार मिळण्याची शक्यता नाही. ती परत मिळाल्यावर त्याने ठरवून टाकलं की ही आता विकायची नाही, बदलायचीही नाही. हा निश्चय त्याने पुढची जवळपास तीस वर्षं पाळला.

अर्धा आवाज इकडचा, अर्धा तिकडचा

टेस्ट बँड आधी बेलफास्टला आणि मग लंडनला गेला. २६ नोव्हेंबर १९६८ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीम या गाजलेल्या बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यात आधी वाजवणाऱ्यांमध्ये टेस्ट होता. ऑगस्ट १९७० मध्ये आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात जिमी हेंड्रिक्स, द हू अशी नावं असतानाही टेस्टला लोकांनी पुन्हा पुन्हा मंचावर बोलावलं. तेव्हा रोरी होता बावीस वर्षांचा. ही ओळ टाइप करताना माझंही वय तेवढंच आहे, ते सोडून द्या.

ज्यांना गिअरचा नाद आहे त्यांनी इथे कान टवकारावेत. रोरीचा तेव्हाचा तो किंचित रागावलेला, धारदार आवाज कुठून येत होता? गिटार कॅलिफोर्नियाची. पण ती जोडलेली होती व्हॉक्स एसी-३० या ॲम्पला, जो इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या डार्टफर्डला बनायचा. मध्ये एक छोटीशी डबी, डॅलस रेंजमास्टर, लंडनच्या कंपनीची. आत एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि मोजके सुटे भाग. ती गिटारचा वरचा स्वर उचलून ॲम्पमध्ये जोरात ढकलायची आणि ॲम्पचे व्हॉल्व्ह तापून गुरगुरायला लागायचे. म्हणजे ज्या आवाजासाठी लोक आजही त्याच्या गिटारकडे बोट दाखवतात, त्यातला निम्मा तरी जवळपास मिळणाऱ्या इंग्लिश सामानाचा होता. बजेट ठरवताना आपण सगळे पैसे गिटारमध्ये घालतो आणि ॲम्पला उरतं काय, तर चिल्लर. हा धडा पंचावन्न वर्षं जुना आहे, तरी आपण तो गिरवत नाही.

रंग गेला, गिटार राहिली

१९७० च्या अखेरीस टेस्ट फुटला आणि १९७१ पासून रोरी स्वतःच्या नावाने वाजवू लागला. त्याच वर्षी दोन अल्बम आले. ब्रिटनच्या मेलडी मेकर या साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला सर्वोत्तम गिटारवादक ठरवलं आणि त्या यादीत त्याच्या खाली एरिक क्लॅप्टन होता. डिसेंबर १९७१ मध्ये लंडनमध्ये मडी वॉटर्सच्या अल्बमचं रेकॉर्डिंग झालं, त्यात रोरीला बोलावणं आलं. लहानपणी खरखरत्या रेडिओवर ज्या जगातलं संगीत ऐकलं, त्या जगाचा राजाच आता शेजारी खुर्ची टाकून बसला होता. १९७५ च्या जानेवारीत रोलिंग स्टोन्सनी त्याला रॉटरडॅमला बोलावून काही रात्री सोबत वाजवून पाहिलं. त्यांच्या बँडमधली गिटारवादकाची जागा रिकामी झाली होती. पण रोरीचा जपानचा दौरा ठरलेला होता. पक्कं काही ठरायच्या आत तो ठरलेले कार्यक्रम करायला निघून गेला.

त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे. सत्तरच्या दशकात बेलफास्ट पेटलेलं होतं. बॉम्बस्फोट, गोळीबार, संध्याकाळी रस्ते ओस. बाहेरचे बँड तिथे यायचे बंद झाले. रोरी मात्र दर वर्षी जात राहिला. तिथल्या अल्स्टर हॉलमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पोरं एकाच छताखाली, खांद्याला खांदा लावून त्याला ऐकायची. आयरिश टूर ’७४ हा त्याचा अल्बम आणि त्याच नावाचा माहितीपट याच दौऱ्यावरचे आहेत. मंचावर तो चौकटीचा साधा शर्ट आणि जीन्स घालून यायचा. धूर नाही, चमकी नाही. तुमच्यातलाच एक वाटावा असा.

या सगळ्यात गिटारचं काय झालं? दोन-दोन तास घाम गाळत वाजवण्याने तिचा सनबर्स्ट रंग उडत गेला. आधी कडा उघड्या पडल्या, मग पोट, मग जवळजवळ सगळंच. चोरीतल्या पावसाने सुरुवात केली होती, घामाने ती पुरी केली. नेकमध्ये इतका ओलावा मुरला की एका टप्प्यावर तो वाकला. मग तो काढून वाळायला, शांत व्हायला ठेवला आणि दरम्यान दुसरा नेक लावून काम भागवलं. नंतर मूळ नेक परत आपल्या जागी. फ्रेट्स झिजले की नवे बसवले, तेही किती वेळा याचा हिशेब नाही. डोक्यावरच्या सहा खुंट्यांपैकी पाच एका कंपनीच्या आणि एक भलत्याच कंपनीची होती. जे मोडलं ते बदललं, जे मिळालं ते लावलं आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. लंडनमधले ओळखीचे कारागीर हे करून द्यायचे. कॅलिफोर्नियाला परत काही पाठवल्याची गोष्ट यात कुठेच नाही.

आणि हो, तो परदेशातूनही गिटार घ्यायचा. अमेरिकेच्या दौऱ्यावर मोकळा वेळ मिळाला की तिथल्या गहाणवटीच्या दुकानांत शिरायचा. कोणीतरी अडचणीत सोडून गेलेल्या स्वस्त गिटार, एकेकाळी कॅटलॉगवरून घरपोच विकल्या जाणाऱ्या, ज्यांना चांगला वादक हात लावणार नाही अशा, तो वाजवून बघायचा. आवडली तर घ्यायचा आणि तीच पुढे मंचावर घेऊन यायचा. म्हणजे परदेशी खरेदीला त्याचा विरोध नव्हता. तो फक्त हातात घेतल्याशिवाय घेत नव्हता.

शेवट

ही गोष्ट इथे थांबवावीशी वाटते, पण पुढचंही सांगायला हवं. सततच्या प्रवासामुळे रोरीच्या मनात विमानाची भीती बसली. आयुष्य तर विमानातच. मग त्यासाठी गोळ्या सुरू झाल्या, आणि जोडीला दारू होतीच. या दोन्हींनी मिळून यकृत पोखरलं. स्वभावाने तो लाजाळू होता, लग्न केलं नाही, शेवटची काही वर्षं तो लंडनमध्ये हॉटेलच्या खोलीत राहत होता. मंचावर हजारो माणसं आणि खाली उतरलं की कोणीच नाही, हे वाचताना मला घशाशी आलं. आपल्या आसपासचं एखादं पोरगं असंच गप्प होत चाललेलं असेल, तर त्याच्या नव्या रीलला लाइक करण्यापेक्षा त्याच्या दारात जाऊन उभे राहा.

१० जानेवारी १९९५ ला रॉटरडॅममध्ये त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्याच शहरात, जिथे वीस वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तो स्टोन्ससोबत वाजवला होता. तब्येत इतकी ढासळली होती की पुढचा दौरा रद्द करावा लागला. लंडनमध्ये यकृत प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली, ती जमली असं वाटत असतानाच संसर्ग झाला आणि १४ जून १९९५ रोजी तो गेला. वय फक्त ४७. कॉर्कजवळच्या बॅलिनकॉलिगमध्ये त्याला पुरलं. अख्खं शहर रस्त्यावर आलं होतं.

ती स्ट्रॅट भाऊ डोनलने जपली. आयुष्यभर रोरीचं व्यवस्थापन तोच बघत आला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनमध्ये तिचा लिलाव झाला. ८ लाख ८९ हजार ४०० पौंड. आपल्या हिशेबाने साडेनऊ कोटी रुपयांच्या वर. जी पंधरा वर्षांच्या पोराने उधारीवर घेतली होती, तीच. घेणाऱ्या आयरिश कंपनीने ती घरी नेली नाही, आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. परदेशातून आलेली वस्तू अशी कायमची स्थानिक झाली.

गंमत पुढे आहे. फेंडर कंपनी स्वतःच त्या गिटारची हुबेहूब नक्कल बनवते. उडालेला रंग, ओरखडे, वेगळी खुंटी, सगळं जसंच्या तसं. नव्या गिटारचा रंग कारखान्यात मुद्दाम घासून काढतात आणि त्यासाठी जास्त पैसे घेतात. बाहेरून मागवायची असेल तर तीही मागवता येईल.

आता तुमचे दोन टॅब

मी तुम्हाला अमुकच टॅब बंद करा असं सांगणार नाही. इथे काही मॉडेल्स येतच नाहीत. डावखुऱ्यांची तर पंचाईत होते. नेमकी हवी ती इथे नसेल तर बाहेरून मागवावीच लागेल. पण मागवण्याआधी रोरीच्या गोष्टीतले काही प्रश्न स्वतःला विचारून बघा.

हीच नाही तर निदान याच आकाराचा नेक, याच वजनाची गिटार मी कुठे हातात घेतली आहे का? नसेल तर आधी रिक्षा पकडा आणि इथल्या दुकानात जा. मुंबईकरांना धोबी तलाव आहेच. घ्यायची नसली तरी वाजवून बघायला हरकत नसते. दुसरं, शेवटचा आकडा कोणता? स्क्रीनवरचा नव्हे, सगळे कर आणि शिपिंग धरून दारात येईपर्यंतचा. तिसरं, वॉरंटी इथे चालते का? बऱ्याचदा ती ज्या देशात विकली त्याच देशापुरती असते. खराब निघाली तर परत पाठवायचं विमानभाडं कोणाच्या खिशातून जाईल, हेही विचारून घ्या.

चौथी गोष्ट हवामानाची. गिटार लाकडाची आहे आणि लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. कोरड्या, थंड प्रदेशातून निघालेली गिटार जुलैमधल्या मुंबईत किंवा कोकणात उतरली की नेक हलतो, तारा वर उचलल्या जातात किंवा फ्रेट्सवर खरखरतात. माझ्या एका मित्राची गिटार पावसाळ्यात परदेशातून आली आणि महिनाभर वाजवण्यासारखीच नव्हती. मामला साधा होता. नेकच्या आतला लोखंडी रॉड फिरवून ताण सारखा करून घ्यायचा होता. पण ते करणारा कारागीर शोधण्यातच महिना गेला. म्हणून गिटार कुठूनही घ्या, ती दुरुस्त करणारा माणूस मात्र आपल्या गावातलाच शोधून ठेवा. तोही आधी.

आणि शेवटचं, रंग. आपण महिनोन्‌महिने ज्याच्यावर घासाघीस करतो तो. हवा तो रंग इथे मिळत नाही म्हणून दुप्पट थांबायची आणि जास्त पैसे मोजायची तयारी असते आपली. रोरीला मिळालेली गिटार कोणीतरी रंग चुकला म्हणून सोडून दिलेली होती. पुढे तो रंगही राहिला नाही.

घरी विचारायची वेळ आली की मात्र त्याचीच युक्ती वापरा. आईला नीट हिशेब सांगा. आणि तो शब्द पाळा.